ऐनवेळी, एकट्याने, सातपुड्यात: बाईक, घाट आणि जंगल याबद्दल नेमकं सांगा

तापीकाठचा · रात्री ८:४०

राम राम मंडळी. उद्या पहाटे जळगावहून बाईकवर एकट्याने सातपुड्यात निघायचं, हे आत्ता तासाभरापूर्वी ठरलं. दोन दिवस हातात आहेत. गाडी १५० सीसी, ट्यूबलेस टायर, टाकी १२ लिटरची, सर्व्हिसिंग दिवाळीआधी झालेलं. पाल, यावल अभयारण्य, उनपदेव, तोरणमाळ आणि जमलं तर धडगाव-मोलगी अशी यादी आहे. रस्ता, गाडी आणि जनावरं, तिन्हींबद्दल नेमकं हवंय. "मस्त जागा आहे, जाऊन ये" असं नको.

शहादेकर · रात्री ८:५८

भाऊ, आधी यादी निम्मी कर. पाल आहे रावेर तालुक्यात, तोरणमाळ आहे नंदुरबार जिल्ह्यात. सातपुड्याची खानदेशातली ही दोन टोकं आहेत. नकाशावर दोन्हीकडे "सातपुडा" लिहिलेलं दिसतं, म्हणून वाटतं की डोंगरातून डोंगरात जाता येईल. तसं होत नाही.

इथल्या रस्त्यांची रचना फणीसारखी समज. फणीचा दांडा म्हणजे पायथ्याचा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता: रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा. दाते म्हणजे या रस्त्यावरून उत्तरेला डोंगरात चढणारे फाटे. सुकी, मोर, गूळ, अनेर, गोमाई या नद्या डोंगरातून सरळ दक्षिणेला तापीकडे उतरतात. प्रत्येकीचं खोरं वेगळं आणि मध्ये उभी डोंगरधार. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर बहुतेक वेळा खाली दांड्यावर उतरायचं आणि पुढच्या दात्याने परत चढायचं. म्हणून सरळ अंतर १५ किलोमीटर दिसलं तरी गाडीला ६० पडतात.

दोन दिवसांत एकच दाता नीट होतो. पाल निवड किंवा तोरणमाळ निवड.

चोपडाकर · रात्री ९:०५

+१. तोरणमाळ धरलं तर जळगाव, चोपडा, शिरपूर, शहादा आणि मग म्हसावद-राणीपूरवरून घाट. एकूण दोनशे किलोमीटरच्या वरच जातं. शहाद्यापर्यंत सपाटी आहे, पण सपाटी म्हणजे वेग असं समजू नकोस. या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या, कापसाचे ट्रॅक्टर आणि केळीच्या गाड्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो आणि ऊस चाकांच्या बाहेर हात-दीड हात लोंबत असतो. पहाटेच्या धुक्यात ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. चारला निघण्यापेक्षा साडेपाचला निघ. उजेड सोबत येईल.

जुना मेकॅनिक · रात्री ९:२०

सर्व्हिसिंग झालं म्हणतोस, तरी झोपायच्या आधी गाडी मेन स्टँडवर लाव आणि एवढं कर.

चेन: खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली हलवून बघ. साधारण २५ ते ३० मिलिमीटर खेळ हवा. नेमका आकडा चेनजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो, तो खरा. चाक फिरवत चार जागी मोज. एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ लागली तर चेन असमान ताणली गेली आहे आणि ती घाटात स्प्रॉकेटवरून उडी मारते. चेन लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवं. हे उलटं बसवलेलं बऱ्याच गाड्यांवर सापडतं.

ब्रेक: मागे ड्रम असेल तर पेडल पूर्ण दाब आणि ड्रमवरचा बाण खुणेच्या पुढे जातो का बघ. गेला तर लायनर संपलाय, उद्या निघू नकोस. पुढच्या डिस्कचं ऑईल काळं पडलं असेल तर ते जुनं झालंय, त्यात पाणी शिरलेलं असू शकतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी शिरलं की ते कमी तापमानाला उकळतं, उकळलं की नळीत बुडबुडे होतात आणि लीव्हर थेट हँडलला टेकतो. हे सपाटीवर कधीच कळत नाही. लांब उतारावर शेवटच्या दोन वळणांवर कळतं.

केबल: क्लचची तार लीव्हरजवळच्या टोकाला तुटते. रबरी टोपी मागे सरकव. एक जरी धागा सुटलेला दिसला तरी बदल. नवी केबल जुन्या केबलच्या बाजूने चिकटपट्टीने बांधून ठेव, टोकं मोकळी. तुटली तर टाकी न काढता पाच मिनिटांत जोडता येते.

हवा: टायर थंड असताना पुढे २५, मागे २८-२९ पीएसआय. सामान जास्त असेल तर मागे ३२.

सोबत: प्लग आणि प्लग पाना, १०-१२-१४ चे पाने, पक्कड, दोन फ्यूज, चेन लॉक, इन्सुलेशन टेप, बाईंडिंग वायर दोन मीटर, पंक्चर किट, पायपंप.

रानवाट_७७ · रात्री ९:२६

घाटात ग्रिप मिळावी म्हणून हवा २० पर्यंत उतरवतात ना?

जुना मेकॅनिक · रात्री ९:३१

नाही. ते वाळू आणि चिखलासाठी. सातपुड्यात रस्त्यावर फोडलेली खडी आणि धारदार दगड आहेत. २० वर टायर दबतो, दगड थेट रिमवर आदळतो, रिमची कड वाकते आणि ट्यूबलेस टायर तिथूनच हवा सोडतो. ते पंक्चर कुठल्याही किटने भरत नाही.

चोपडाकर · रात्री ९:३८

पेट्रोलचं गणित. सपाटीला ४५ देणारी गाडी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ३५ ला येते. शहादा ते तोरणमाळ साधारण ५५ किलोमीटर, जाऊन येऊन ११०, वर फिरणं ३० धर. म्हणजे १४० भागिले ३५, चार लिटर. रस्ता बंद मिळून माघारी वळावं लागलं तर अजून दोन. शहाद्यात टाकी गच्च भर आणि पुढे पंप आहेच असं धरू नकोस. बाटलीत पेट्रोल नेऊ नकोस. उन्हात बाटली फुगते, झाकणातून वाफ सुटते आणि बॅग सायलेन्सरच्या वरच बांधलेली असते.

सुट्टे पैसे ठेव. नेटवर्क नसलं की फोनवरून पैसे जात नाहीत.

सालईवन · रात्री ९:५२

जंगलाचं लिहितो, कारण इथे अनवधानाने गुन्हा होतो.

यावल अभयारण्य १९६९ सालचं, क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटर. अनेर धरण अभयारण्य १९८६ चं, शिरपूर तालुक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. सार्वजनिक रस्त्याने पार जाणाऱ्याला सूट आहे. ही सूट रस्त्यापुरती आहे. डांबरी सोडून गाडीवाटेवर शंभर मीटर आत गेलास, झाडाखाली गाडी लावलीस, तंबू टाकलास, की सूट संपली. विस्तव पेटवणं हा कलम ३० खाली वेगळा गुन्हा. पालला वनखात्याची कचेरी आहे. आत कुठेही जायचं तर तिथे विचारून, परवाना घेऊन, सोबत स्थानिक माणूस घेऊन.

सायलेन्सर हा सुद्धा विस्तवच आहे, हे बाईकवाल्यांच्या लक्षात येत नाही. घाट चढून आलेल्या गाडीचा पाईप आणि त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इतका तापलेला असतो की वाळकं कुसळी गवत त्याला टेकलं तर धुमसायला लागतं. गाडी नेहमी उघड्या मुरमावर किंवा डांबराच्या कडेला लावायची, गवतात आणि सागाच्या पाचोळ्यात कधीच नाही. नोव्हेंबरात गवत अर्धं हिरवं असतं. फेब्रुवारीनंतर सातपुड्याचा दक्षिण उतार म्हणजे काडेपेटी. अंजन, सालई, धावडा, साग, सगळ्यांची पानं खाली आणि वारा वर चढणारा. एक वणवा लागला की त्या उतारावरची रोपं त्या वर्षापुरती गेली, आणि दरवर्षी लागला तर पुढचं जंगलच गेलं. याबाबत मी कुणालाही सवलत देत नाही.

तापीकाठचा · रात्री १०:०१

समजलं. एक शंका. गुगल मॅप पालपासून आतल्या आत जामन्या, लंगडा आंबा करत पश्चिमेला वाट दाखवतोय. अंतर बरंच वाचतंय.

सालईवन · रात्री १०:०६

जाऊ नकोस. ती अभयारण्यातल्या पाड्यांची आणि वनखात्याची वाट आहे. नकाशा उपग्रहाच्या चित्रावरून रेघ ओढतो. त्याला ती रेघ डांबर आहे, बैलगाडीची चाकोरी आहे की कोरडा नाला आहे, हे कळत नाही. पावसाळ्यात वाहून गेलेली फरशी (नाल्यावरचा सखल पूल) नकाशावर तशीच शाबूत दिसते.

शहादेकर · रात्री १०:१५

नकाशाची दुसरी फसगत धडगाव-मोलगीकडे होते. तिथे गाव म्हणजे एका जागी घरं असं नसतं. पाडे असतात, एकेक पाडा वेगळ्या टेकडीवर, दोन पाड्यांमध्ये दोन-तीन किलोमीटर. नकाशावर गावाचं नाव एका ठिपक्यावर असतं आणि त्या ठिपक्यावर पोचलं तर कधी शाळेची एक खोली असते, कधी काहीच नसतं. "पुढच्या गावात पाणी-पंक्चर बघू" हा सपाटीवरचा हिशोब तिथे चालत नाही.

रस्ता विचारताना "हा रस्ता तोरणमाळला जातो ना?" असं विचारू नये. समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. "तोरणमाळला कोणत्या रस्त्याने जायचं?" असं विचारावं. आणि "किती लांब" असं न विचारता "पिकअप गाडी जाते का?" हे विचारावं. पिकअप जात असेल तर बाईक जाते. शहाद्याच्या सपाटीवर अहिराणी-गुजर बोली चालते, "हाऊ रस्ता कथा जास?" म्हटलं की माणूस थांबून सांगतो. वर पावरी आणि भिली. मराठी शाळकरी पोरांना चांगली येते. पोरांना विचारा, पण त्यांचे आणि बायामाणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

नर्सताई_धुळे · रात्री १०:२४

औषधाचं मी सांगते. एकट्या माणसाला तीन गोष्टी नडतात: साप, मधमाश्या आणि पाणी.

साप. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार धोक्याचे. रात्री जमिनीवर झोपू नये. मण्यार झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं ओढल्यासारखं होतं. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही.

चावलाच तर: कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. अंगठी, घड्याळ, कडं लगेच काढायचं, कारण सूज चढली की ते निघत नाही. तो हात किंवा पाय लाकडाला सैल बांधून हलणार नाही असा ठेवायचा. १०८ ला फोन. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. पहिला दिसेल त्या माणसाला थांबवायचं आणि जिथे सापाची लस आहे अशा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जायचं. लस चारही सापांवर एकच असते, म्हणून साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. भगताकडे गेलेला एक तास परत मिळत नाही.

रानवाट_७७ · रात्री १०:२८

ताई, वर आवळपट्टी बांधली तर विष चढत नाही असं सगळेच सांगतात.

नर्सताई_धुळे · रात्री १०:३५

सांगतात, आणि त्यामुळेच बोटं आणि पाय कापावे लागतात. घोणस आणि फुरश्याचं विष जागेवरचं मांस सडवतं. आवळून बांधलं की ते तिथेच कोंडतं आणि रक्तही थांबतं. दवाखान्यात पट्टी एकदम सोडली की कोंडलेलं विष एका दमात अंगात जातं. बांधू नका.

मधमाश्या. घाटातल्या कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतं. धूर, अत्तर, दगड, मोठा हॉर्न यांनी उठतं. उठलं तर हेल्मेट डोक्यावर, काच खाली, मान शर्टात, आणि गाडी चालू असेल तर सरळ पुढे निघायचं. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर वाट बघतात. काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून लवकरात लवकर काढायचे. ओठ सुजले, दम लागला, अंगावर गांधी उठल्या तर एक मिनिटही थांबायचं नाही.

पाणी चार लिटर, दोन वेगळ्या बाटल्यांत. एक फुटली तरी दुसरी राहते. मीठ-साखरेच्या पुड्या चार.

अंजनछाया · रात्री १०:४७

जनावरांबद्दल कुणीतरी बिबट्याचं विचारेलच, म्हणून आधी अस्वलाचं सांगते. सातपुड्यात पायी माणसाला बिबट्यापेक्षा अस्वलाचा धोका जास्त. त्याला कमी दिसतं, नाक वाळवीच्या वारुळात खुपसलेलं असतं आणि आपण शांतपणे चालत अगदी जवळ पोचतो. मग ते दचकून हल्ला करतं. म्हणून रानात पायी जाताना शांत राहू नका, बोलत किंवा काठी आपटत चला. पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्ता सोडून आत जाऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात तेव्हा मोहाखाली जाणं टाळा, फुलं वेचणारी माणसं आणि अस्वलं दोन्ही त्याच वेळी तिथे असतात. समोरासमोर आलंच तर पळू नका, ते तुमच्यापेक्षा जोरात पळतं. पाठ न दाखवता हळू मागे सरका. अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हात मानेमागे बांधा, चेहरा जमिनीकडे. ते चेहऱ्यावर आणि डोक्यावर हल्ला करतं.

बिबट्या जंगलापेक्षा तळोदा-शहाद्याच्या उसात आणि रावेर-यावलच्या केळीत भेटण्याची शक्यता अधिक. शेताच्या कडेला गाडी लावून खाली वाकून लघवीला बसणं धोक्याचं, कारण बसलेला माणूस त्याला चार पायांचं जनावर वाटतो. उभे राहा, आवाज करा, टॉर्च जमिनीवर फिरवा. दिसला तर वाकू नका, पळू नका, त्याच्या आणि झाडीच्या मध्ये उभे राहू नका. त्याला निघायला वाट हवी असते.

गाडीवर असताना खरा धोका नीलगाय आणि रानडुकराचा. नीलगाय सहसा एकटी रस्ता ओलांडत नाही. पहिली गेली की माणूस वेग वाढवतो आणि दुसरी समोर येते. एक दिसली की थांबायचं, दहापर्यंत मोजायचं. डुक्कर दिव्यात चमकत नाही, उंची हेडलाईटच्या झोताखाली. अंधारात ४० च्या वर जाऊ नका.

आणि केळी बॅगेत बाहेर बांधू नका. वानरं चालत्या गाडीवर येत नाहीत, पण घाटात फोटोला थांबलात की बॅग जाते. त्यांना खायला दिलं की ती रस्त्यावर बसायला शिकतात आणि गाड्यांखाली मरतात. म्हणून एक दाणाही टाकू नका.

खानदेशी_अण्णा · रात्री ११:००

सगळं ठीक आहे, पण एकट्याने जाऊच नये. दोन गाड्या असाव्यात.

शहादेकर · रात्री ११:१२

अण्णा, दोन गाड्या चांगल्याच. पण एकट्या माणसाला नडतं ते एकटेपण नाही. निघणं ऐनवेळी ठरलं तरी चालतं, वाट ऐनवेळी बदलली की घात होतो. माणूस घरी तोरणमाळ सांगून निघतो, शहाद्यात कुणीतरी चांदसैली घाटाचा फोटो दाखवतो, हा तळोद्याकडून तिकडे वळतो. संध्याकाळी फोन लागत नाही आणि घरचे लोक राणीपूरच्या रस्त्यावर शोधत बसतात. ज्या खोऱ्यात तो आहे तिथे कुणी बघतच नाही. वर सांगितलेली फणी आठवा, प्रत्येक दाता वेगळा आहे.

म्हणून: रात्रीच एका माणसाला वाट लिहून द्यायची, गाडीचा नंबर, अंगावरच्या जॅकेटचा रंग, नेटवर्क सुटण्याआधीचं शेवटचं गाव आणि परत नेटवर्कमध्ये येण्याची वेळ. त्या वेळेनंतर दोन तास वाट बघून त्याने ११२ ला फोन करायचा, हेही ठरवून ठेवायचं. वाट बदलायची असेल तर नेटवर्क असलेल्या गावातून आधी कळवायचं, मगच वळायचं. कळवता येत नसेल तर वळायचं नाही.

खानदेशी_अण्णा · रात्री ११:१७

हे पटलं. रानातली अडचण असेल तर वनविभागाचा १९२६ हाही लिहून ठेव. फोनमध्ये नको, कागदावर. आणि तो कागद गाडीच्या डिकीत नको, खिशात.

जुना मेकॅनिक · रात्री ११:२५

आता ट्यूबलेस पंक्चर. आपल्याकडे खिळ्याइतकेच बाभळीचे काटे. काटा दिसला की लगेच उपटू नका. आधी किट उघडा, पट्टी सुईत ओवा, पंप जोडून तयार ठेवा. काटा किंवा खिळा ज्या कोनात आत गेलाय तो कोन बघा, कारण कानस त्याच कोनात घालायची असते. पक्कडीने काढा, खरखरीत कानस त्याच भोकात घालून पंधरा-वीस वेळा आत-बाहेर आणि गोल फिरवा. भोक मोठं होतंय म्हणून घाबरू नका, रबर खरखरीत झाल्याशिवाय पट्टी धरत नाही. पट्टीला सोल्युशन लावा, दाबून आत घाला, बाहेर दीड सेंटिमीटर टोकं राहू द्या आणि सुई एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. हळू ओढली की पट्टीही येते. टोकं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, थुंकी लावून बुडबुडा बघा.

चुका दोन. टायरच्या बाजूच्या भिंतीवर पट्टी लावणं, तिथे रबर वाकतं आणि पट्टी उडते. आणि काटा मोडून टोक आत राहणं, मग नवी पट्टी तेच टोक फाडतं. फडकं टायरवर फिरवा, अडकलं तिथे टोक आहे. बोट फिरवू नका.

विजेवर चालणारा छोटा पंप असेल तर बॅटरीच्या क्लिपवर लावा आणि इंजिन चालू ठेवा. मोबाईल चार्जरच्या सॉकेटला लावलात तर फ्यूज जाईल.

तापीकाठचा · रात्री ११:३३

घाट उतरताना इंजिन बंद करून न्यूट्रलवर उतरलं तर पेट्रोल वाचतं का? तोरणमाळचा उतार लांब आहे म्हणतात.

जुना मेकॅनिक · रात्री ११:४०

अजिबात करू नकोस. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर, पायथा त्याच्या कितीतरी खाली. एवढ्या उंचीवरून येताना गाडीचा सगळा जोर कुठेतरी जिरवावा लागतो. गिअरमध्ये असली तर तो इंजिन जिरवतं, न्यूट्रलमध्ये असली तर सगळा ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन जातो. लायनर तापला की त्याची पकड जाते, वास येतो, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. या घाटातल्या सातपायरीच्या वळणांवर दुसरा, काही ठिकाणी पहिला. ब्रेक वळणाआधी दाब आणि सोड, सतत धरून ठेवू नकोस. वास आला तर थांब, वीस मिनिटं, ड्रमवर पाणी ओतू नकोस, तडकतो.

स्कूटरवाल्यांसाठी: तिला असं गिअरचं इंजिन ब्रेकिंग जवळपास नाही. लांब घाटाला स्कूटर नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चोपडाकर · रात्री ११:४६

घाटात चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, उतरणाऱ्याने थांबायचं. आणि बाजाराच्या दिवशी खचाखच भरलेल्या क्रूझर, पिकअप आतल्या वळणाने येतात. आपली बाजू सोडायची नाही, प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हॉर्न. मोहोळ दिसेल त्या कड्यापाशी मात्र ताईंचं ऐकायचं.

पक्षीवेडा_शिरपूर · रात्री ११:५५

तोरणमाळच्या वाटेवर आहात तर एक पक्षी सांगतो, कारण त्याच्यासाठी लोक जगभरातून शहाद्याला येतात. रानपिंगळा, एक छोटं घुबड. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नव्हता, नामशेष झाला असं धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला. म्हणजे ११३ वर्षांनी, आपल्या खानदेशात.

ओळख: साधा पिंगळा डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला असतो. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास ठिपक्यांविना, करड्या-तपकिरी रंगाचं, आणि अंगाच्या मानाने मोठं. तो दिवसा हिंडतो. सकाळी सात ते दहा, सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर उन्हाला बसलेला, शेपटी झटकत असतो. रस्त्यावरून, गाडी बंद करून, दुर्बिणीतून बघा. फोनवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. तो आवाज ऐकून हद्द राखायला येतो, शिकार सोडतो, पुन्हा पुन्हा वाजवला तर ती जागाच सोडतो. जुनी ढोलीची झाडं तोडली जातात तिथे तो राहत नाही, आणि तशी झाडं आधीच थोडी उरली आहेत.

तापीकाठचा · रात्री १२:०५

सगळ्यांचे आभार. पाल, उनपदेव आणि मोलगी काढून टाकलं. वाट अशी: सकाळी ५:३० जळगाव, चोपडा, शिरपूर, ११ पर्यंत शहादा, टाकी फुल, म्हसावद-राणीपूरवरून तोरणमाळ. रात्री तोरणमाळलाच मुक्काम, छताखाली, खाटेवर. परवा सकाळी सीताखाई आणि यशवंत तलाव, दुपारी ४ ला घाट उतरायला सुरुवात, ६ ला शहादा. त्याच वाटेने परत. घरी कागद लिहून दिला, दुसरा खिशात. क्लच केबल बांधली. मागचा लायनर खुणेच्या आत आहे. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाणे-गूळ घेतलेत, केळी नाहीत.

शहादेकर · रात्री १२:११

बाकी बरोबर. फक्त ४ चे ३ कर. या दिवसांत सूर्य सहाच्या आत मावळतो आणि धारेमागे गेला की घाटात त्याच्याही आधी काळोख होतो. वरती सपाटीपेक्षा सहा-सात अंश कमी असतं, विंडचीटर वरच्या खणात ठेव, तळाशी नको. परवा सहाला शहाद्यात आलास की इथेच एक ओळ टाक. आठपर्यंत ती दिसली नाही तर मी राणीपूरच्या रस्त्याला चौकशी सुरू करतो.

तापीकाठचा · रात्री १२:१४

३ केले. कागदावरही बदललं, दोन्ही.